ताट आणि डबा : सांधे, त्वचा आणि अमिनो आम्ले यांचा अभ्यास

वर्षातून दोन वेळा आमच्या विद्यालयाच्या फाटकाशी गर्दी होते. दसरा-दिवाळीच्या सुमारास पालक मुलांना वसतिगृहात ठेवून ऊसतोडीला निघतात आणि गळीत हंगाम संपला की मार्च-एप्रिलमध्ये त्यांना भेटायला येतात. परत आलेल्या आयांपैकी अनेकजणी व्हरांड्याच्या चार पायऱ्या चढताना एक हात गुडघ्यावर ठेवतात. त्यांतील कित्येकींनी अजून चाळिशीही गाठलेली नसते.

अलीकडे या भेटींत आणखी एक वस्तू दिसू लागली आहे. पुण्या-मुंबईत नोकरीस लागलेले आमचे माजी विद्यार्थी आई-वडिलांसाठी भुकटीचे डबे पाठवतात. कुणावर ‘कोलॅजेन’ लिहिलेले असते, कुणावर ‘अमिनो’, कुणावर ‘जॉइंट केअर’. गुडघे मजबूत होतील, कातडी तुकतुकीत राहील, असे त्यांवर छापलेले असते. त्यामागची माया आम्ही जाणतो. ज्या आईने मोळ्या वाहून शिकवले, तिच्या गुडघ्यासाठी पहिल्या पगारातून काहीतरी घ्यावे, यात गैर ते काय? परंतु हा डबा घ्यावा की नाही, हे विज्ञान शिकवणाऱ्या आम्हा मंडळींना वारंवार विचारले जाते. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने त्या प्रश्नाचा थोडा सविस्तर अभ्यास मांडत आहोत.

शरीरातील चऱ्हाट

प्रथिने ही अमिनो आम्लांच्या साखळ्यांनी बनलेली असतात. जसे मूळाक्षरांतून शब्द, तशी सुमारे वीस अमिनो आम्लांतून शरीरातील सर्व प्रथिने तयार होतात. यांपैकी नऊ आम्ले प्रौढ शरीराला स्वतः बनवता येत नाहीत. ती अन्नातूनच मिळवावी लागतात. त्यांना आवश्यक अमिनो आम्ले म्हणतात. बाकीची शरीर स्वतः घडवते.

आपल्या शरीरातील एकूण प्रथिनांपैकी सुमारे तीस टक्के प्रथिन एकाच जातीचे आहे. त्याचे नाव कोलॅजेन. त्वचेचा चिवटपणा, हाडाचा लवचीक सांगाडा, सांध्यातील कूर्चा, स्नायूला हाडाशी बांधणारे स्नायुबंध आणि हाडाला हाडाशी जोडणारे अस्थिबंध हे सर्व प्रामुख्याने त्याच्यावर उभे आहे. या साऱ्यांना मिळून संयोजी ऊती म्हणतात.

कोलॅजेनची रचना उलगडण्याचे श्रेय एका भारतीय शास्त्रज्ञाकडे जाते, हे आपल्या मुलांना आवर्जून सांगावे. मद्रास विद्यापीठातील गो. ना. रामचंद्रन आणि त्यांचे सहकारी गोपीनाथ कर्था यांनी १९५४ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात कोलॅजेनची तिपेडी रचना मांडली. शेजारच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेत त्यांना कांगारूच्या शेपटीतील स्नायुबंधाचा नमुना मिळाला होता. त्यावर क्ष-किरण टाकून त्यांनी हा शोध लावला.

ही रचना समजण्यासाठी प्रयोगशाळेत जाण्याची गरज नाही. चऱ्हाट वळताना पाहिलेल्या माणसाला ती लगेच कळेल. तीन पेड एकमेकांभोवती घट्ट पिळले की दोर तयार होतो. सुटा पेड हाताने तुटतो, पण दोर बैल धरून ठेवतो. कोलॅजेनमध्येही तीन साखळ्या एकमेकींभोवती पिळलेल्या असतात. पीळ घट्ट बसावा म्हणून प्रत्येक तिसऱ्या जागी ग्लायसिन हे सर्वांत लहान अमिनो आम्ल असते. प्रोलिन आणि त्यापासून बनणारे हायड्रॉक्सिप्रोलिन त्या पिळाला ताठपणा देतात. लायसिनच्या साहाय्याने शेजारशेजारचे दोर एकमेकांत गुंतवले जातात.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. प्रोलिन व लायसिन यांच्यावर ही प्रक्रिया करण्यासाठी शरीराला ‘क’ जीवनसत्त्व आणि लोह लागते. ‘क’ जीवनसत्त्व नसेल तर दोर वळला जातो, पण पीळ टिकत नाही. पूर्वी लांबच्या सफरीवर खलाशांच्या हिरड्यांतून रक्त येई आणि जुन्या, भरलेल्या जखमा पुन्हा उघडत. त्या स्कर्व्ही रोगाचे कारण हेच होते. १७४७ मध्ये जेम्स लिंड या डॉक्टरने बारा आजारी खलाशांवर निरनिराळे उपाय करून पाहिले, तेव्हा संत्री आणि लिंबे मिळालेले दोघे सर्वांत लवकर बरे झाले. त्यांच्या शरीराला उणीव होती ती पीळ पक्का करणाऱ्या जीवनसत्त्वाची.

खाल्लेले कोलॅजेन जाते कोठे?

डब्यातील भुकटी म्हणजे गुरांचे कातडे, हाडे, माशांची कातडी व खवले यांतील कोलॅजेन काढून त्याचे केलेले बारीक तुकडे. सामान्य समजूत अशी की ही भुकटी पोटात गेली की थेट गुडघ्यात जाऊन बसते. तसे होत नाही. आपले पचनसंस्थान कोणत्याही प्रथिनाचे अमिनो आम्लांत आणि लहान तुकड्यांत विघटन करते. डाळीतील ग्लायसिन आणि डब्यातील ग्लायसिन रक्तात आल्यावर ओळखता येत नाही. त्याचा उपयोग गुडघ्यात करायचा, केसात करायचा की जाळून शक्ती मिळवायची, हे शरीर ठरवते. कोलॅजेनचे काही दोन-तीन आम्लांचे तुकडे अखंड रक्तात पोहोचतात आणि ते पेशींना नवे कोलॅजेन बनवण्याची सूचना देत असावेत, असे काही संशोधकांचे म्हणणे आहे. डब्यांच्या जाहिराती त्याच धाग्यावर विणलेल्या आहेत.

याचा इतिहासही बोधप्रद आहे. १८२० मध्ये आंरी ब्राकोनो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने जिलेटिन, म्हणजे शिजवलेले कोलॅजेन, आम्लात उकळून त्यातून एक गोड पदार्थ मिळवला. तोच ग्लायसिन. त्या काळात पॅरिसमधील गरिबांना आणि इस्पितळांतील रुग्णांना हाडे उकळून काढलेल्या जिलेटिनचे सूप दिले जाई. मांसाऐवजी हे स्वस्त अन्न पुरेल, अशी आशा होती. शरीरक्रियाशास्त्रज्ञ फ्रांस्वा माझांदी यांच्या समितीने १८४१ मध्ये निष्कर्ष दिला की निव्वळ जिलेटिनवर प्राणी जगू शकत नाही. कारण पुढे कळले. कोलॅजेनमध्ये ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल मुळीच नसते. म्हणून प्रथिन या नात्याने ते अपुरे आहे. अंडे, दूध, डाळ यांची जागा ते घेऊ शकत नाही. गरिबाच्या ताटातील खरे अन्न काढून त्याजागी भुकटी ठेवण्याचा प्रयोग एकदा झाला आहे आणि फसला आहे.

पुरावा काय सांगतो?

आम्ही डब्यांना सरसकट खोटे म्हणणार नाही. कोलॅजेनच्या भुकटीने त्वचेचा ओलावा व लवचीकपणा थोडा वाढतो, झिजलेल्या गुडघ्याची वेदना किंचित कमी होते, असे दाखवणाऱ्या काही चाचण्या झाल्या आहेत. मात्र त्यांतील बऱ्याच चाचण्यांचा खर्च भुकटी बनवणाऱ्यांनीच केला होता. त्वचेवरील अशा २३ चाचण्यांचा एकत्रित आढावा २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. सर्व चाचण्या एकत्र धरल्या तर फायदा दिसला. पण कंपन्यांचे अर्थसाहाय्य नसलेल्या चाचण्या वेगळ्या काढल्या तेव्हा तो दिसेना.

सांध्यांच्या गोळ्यांत ग्लुकोसामिन आणि कॉन्ड्रॉइटिन हे घटक असतात. अमेरिकेत सरकारी खर्चाने १,५८३ गुडघेदुखीच्या रुग्णांवर त्यांची मोठी चाचणी झाली. २००६ मध्ये तिचे निष्कर्ष आले : एकूण रुग्णांचा विचार करता या गोळ्या साध्या, औषध नसलेल्या गोळीपेक्षा लक्षणीय सरस ठरल्या नाहीत.

आणखी एक बाब. त्वचेतील कोलॅजेनचे अर्धे आयुष्य सुमारे पंधरा वर्षे, तर सांध्याच्या कूर्चेतील कोलॅजेनचे शंभर वर्षांहून अधिक आहे, असे मोजमाप झालेले आहे. म्हणजे तरुणपणी तयार झालेली कूर्चा आयुष्यभर पुरवावी लागते. शिवाय तिच्यात रक्तवाहिन्या नसतात. एकदा झिजलेली कूर्चा महिनाभराच्या भुकटीने पुन्हा भरून येईल, ही अपेक्षा शरीराच्या रचनेलाच धरून नाही. कूर्चा जपावी लागते, आणि जपण्याचा काळ दुखणे सुरू होण्याच्या आधीचा असतो.

कातडे, हाडे आणि आपली माणसे

या विषयाला आपल्या समाजाच्या दृष्टीने आणखी एक अंग आहे. मेलेले जनावर ओढणे हे काम गावगाड्याने ज्यांच्या माथी मारले होते, त्यांची आपण नातवंडे-पतवंडे आहोत. कातडे, हाडे, शिरा यांच्याशी आपल्या पूर्वजांचा संबंध सक्तीचा होता, आणि त्याच कारणाने त्यांना शिवून घेतले जात नव्हते. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत जनावराचे मांस सोडण्याचे आवाहन केले, ते माणसाच्या प्रतिष्ठेसाठी. आपल्या आज्या-पणज्यांनी ते मनावर घेतले. भूक होती, तरी घेतले.

तो काळ रम्य करून सांगण्याचे कारण नाही, लपवण्याचेही नाही. वाळवलेल्या चान्या, उकळलेली हाडे, पायाचा रस्सा ही टंचाईत जगवणारी अन्ने होती. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकात मराठवाड्यातील महार-मांगांच्या खाद्यसंस्कृतीची नोंद केली आहे. ती प्रत्येक घरात वाचली जावी. आम्हाला एवढेच नोंदवायचे आहे की ज्या कातड्याला हात लावला म्हणून माणूस विटाळाचा ठरला, त्याच कातड्याची भुकटी आज सोनेरी झाकणाच्या डब्यात, सुवासिक करून, दीड हजार रुपयांना आपल्याच दारी येते. ती घ्यायची की नाही हे ठरवताना झाकणाच्या सोन्याने दिपून जाण्याचे कारण आपल्याला तरी नसावे.

एका डब्याचा हिशेब

जानेवारी २०२४ मध्ये झालेल्या करारानुसार ऊसतोडीचा दर टनाला ३६६ रुपये ठरला. महिनाभर पुरणारा कोलॅजेनचा डबा साधारण दीड हजारांचा. म्हणजे एका डब्यासाठी चार टन ऊस तोडून, मोळ्या बांधून, डोक्यावरून गाडीत चढवावा लागतो. एका कोयत्याला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला, हे दोन-अडीच दिवसांचे काम. गुडघ्यासाठी घेतलेल्या डब्याची किंमत गुडघ्यानेच मोजायची, असा हा व्यवहार आहे.

त्याच दीड हजारांत दोनशेच्या वर अंडी येतात. घरातील पाच-सहा माणसांना महिनाभर रोज एक अंडे मिळू शकते. किंवा दहा किलोच्या आसपास शेंगदाणे येतात.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने प्रौढ व्यक्तीला दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिन सुचवले आहे. पन्नास किलो वजनाच्या आईला ते सुमारे ४२ ग्रॅम लागते. आता आपले ताट मोजू. दोनशे ग्रॅम पिठाच्या ज्वारी-बाजरीच्या भाकरीतून सुमारे २० ग्रॅम, साठ ग्रॅम कच्च्या डाळीतून १३ ग्रॅम, मूठभर शेंगदाण्यांतून ५ ग्रॅम आणि एका अंड्यातून ६ ग्रॅम. बेरीज ४४. डब्याशिवाय हिशेब पुरा होतो.

केवळ आकडा पुरा होणे पुरेसे नाही, मेळही जमावा लागतो. ज्वारी-बाजरीत लायसिन कमी असते. डाळीत ते भरपूर असते. डाळीत गंधकयुक्त मेथिओनिन कमी, ते धान्य भरून काढते. भाकरी आणि वरण एकमेकांची उणीव झाकतात. ही जोडी आपल्या मराठवाड्यात पिढ्यान्‌पिढ्या आहे. अडचण एवढीच की फडावरच्या कोपीत ती मोडते. पहाटे तीनला उठून थापलेली भाकरी, सोबत मिरचीचा ठेचा किंवा नुसते कालवण; डाळ शिजवायला वेळ नाही. प्रथिन कमी पडते ते तेथे. म्हणून हंगामाला निघताना सामानात शेंगदाण्याची चटणी, जवसाची चटणी, भाजलेले फुटाणे भरपूर बांधून द्यावेत. ज्या मुलाला आईसाठी काही पाठवायचे आहे, त्याने हे पाठवावे.

‘क’ जीवनसत्त्वाची सोयही जवळच आहे. शंभर ग्रॅम आवळ्यात ते सुमारे अडीचशे मिलिग्रॅम असते, पेरूमध्ये दोनशेच्या आसपास. स्त्रीची दिवसाची गरज ६५ मिलिग्रॅम. एक पेरू वा एक आवळा पुरतो. उष्णतेने हे जीवनसत्त्व नष्ट होते, म्हणून लिंबू वरणात शिजवू नये, ताटात पिळावे. त्याने भाकरी-भाजीतील लोहही अधिक शोषले जाते. जेवणावर लगेच चहा घेतला तर उलटे घडते.

दुखणे एक, कारणे अनेक

गुडघेदुखीला अन्नाची उणीव हे एक कारण, एकमेव नाही. पस्तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढणे, दिवसभर कमरेत वाकणे, आजारपणातही खाडा पडू नये म्हणून कामावर जाणे, हे खरे मोठे कारण आहे. त्यावर कोणत्याही डब्यात उत्तर नाही. विश्रांती, उचलीच्या ओझ्यातून सुटका, आणि मुलांचे शिक्षण ही त्याची उत्तरे आहेत.

दुसरे कारण बोलायला अवघड, पण बोललेच पाहिजे. आपल्या जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला. शासनाने नेमलेल्या समितीपुढे आलेल्या पाहणीत सुमारे ८२ हजार महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची ही शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. गर्भाशयाबरोबर बीजांडकोशही काढले गेले तर रजोनिवृत्ती अकाली येते. इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी झाले की त्वचेतील कोलॅजेन वेगाने घटते आणि हाडे ठिसूळ होऊ लागतात. अशा भगिनींनी भुकटीवर विसंबून न राहता हाडांची तपासणी, कॅल्शियम आणि ‘ड’ जीवनसत्त्व यांविषयी डॉक्टरांशी बोलावे. शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाला असेल तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेतल्याशिवाय होकार देऊ नये.

तिसरे, पाणी. जिल्ह्याच्या काही भागांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड अधिक आहे. लिटरमागे दीड मिलिग्रॅमपेक्षा जास्त फ्लोराइडचे पाणी वर्षानुवर्षे पिण्यात आले तर सांधे आखडतात. घरातील मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग आणि मोठ्यांची पाठ ताठ, असे एकत्र दिसले तर पाण्याची तपासणी करून घ्यावी.

चौथे, सुपारी आणि गुटखा. येथे कोलॅजेन कमी न होता नको तेथे वाढते. सुपारीतील द्रव्यांमुळे गालाच्या आतील अस्तरात कोलॅजेनचे कडक पट्टे साठतात, तोंड उघडेनासे होते आणि पुढे कर्करोगाचा धोका वाढतो. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. तरी तरुणांच्या खिशात पुड्या सापडतात, हे आपण सारे जाणतो.

घरासाठी काही सूचना

१. सांध्याला सूज, उष्णता, ताप असेल, सकाळी तासभर सांधे आखडलेले राहत असतील, किंवा वजन घटत असेल तर लगेच सरकारी रुग्णालयात दाखवावे. तो झिजेचा आजार नसून वेगळा संधिवात असू शकतो.

२. बाजारात सुटी, विनालेबल मिळणारी ‘सांधेदुखीची जादूची पुडी’ घेऊ नये. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले आढळले आहे. दोन दिवसांत वेदना थांबते, काही महिन्यांनी चेहरा सुजतो, साखर वाढते आणि हाडे पोकळ होतात.

३. डबा घ्यायचाच असेल तर अन्नसुरक्षा परवान्याचा क्रमांक, कोणत्या प्राण्यापासून बनवले आणि एका मात्रेत किती ग्रॅम, हे वाचावे. खरे कोलॅजेन प्राणिजन्यच असते. हिरवे चिन्ह असलेल्या डब्यात कोलॅजेन नसून सुटी अमिनो आम्ले वा जीवनसत्त्वे असतात. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणतीही प्रथिन-भुकटी घेऊ नये.

४. उन्हाने त्वचेतील कोलॅजेन तुटते. फडात बायका साडीवर पूर्ण बाह्यांचा सदरा घालतात आणि डोक्याला फडके बांधतात, ते उत्तम. त्याला कोणतीही मलमे पुरी पडणार नाहीत.

५. खुर्चीवर बसून पाय सरळ करणे आणि दहा आकडे मोजून खाली घेणे, हा व्यायाम दिवसातून दोनदा करावा. मांडीचे स्नायू बळकट झाले की गुडघ्यावरील भार कमी होतो. याविषयीचा पुरावा कोणत्याही भुकटीपेक्षा भक्कम आहे.

समारोप

कायानुपस्सनेत आपण शरीराचे बत्तीस भाग एकेक करून पाहतो. त्वचा, स्नायुबंध, हाडे, अस्थिमज्जा आणि सांध्यातील वंगणही त्या यादीत आहे. शरीर जसे आहे तसे, मोहाशिवाय आणि किळसेशिवाय पाहावे, हा त्याचा हेतू. डब्यावरील चकाकत्या चेहऱ्याकडे आणि स्वतःच्या दुखऱ्या गुडघ्याकडे त्याच नजरेने पाहता आले, तर निम्मा प्रश्न सुटेल.

आमच्या माजी विद्यार्थ्यांना एक विनंती आहे. पुढल्या वेळी गावी याल तेव्हा डब्याऐवजी आईला बरोबर घेऊन रुग्णालयात जा, रांगेत तिच्याशेजारी बसा, तिच्या रक्तातील हिमोग्लोबिन किती आहे ते विचारून घ्या आणि ती दिवसभरात काय खाते ते एका कागदावर लिहून काढा. त्या कागदावर डाळ, अंडे, शेंगदाणे आणि लिंबू यांपैकी जे नसेल, ते उरलेल्या पैशांतून आणा.